युद्धकथेच्या अलीकडे : भारताच्या संरक्षण धोरणाचा परिचय

मराठी वाचकाला युद्धकथा नवी नाही. पावनखिंडीपासून कारगिलपर्यंतच्या शौर्यगाथा आपण आवडीने वाचतो, मुलांनाही सांगतो. त्या लढाईपूर्वीची दहा वर्षे मात्र सहसा वगळली जातात. चौकीपर्यंत रस्ता का झाला नव्हता, तोफा कोणी मागितल्या, नकार कोणी दिला? संरक्षण धोरण म्हणजे हाच वगळलेला भाग. तो रुक्ष असेल अशी शंका तुमच्या मनात आली, तर ती अगदीच निराधार नाही. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढी विनंती.

हा विचार आपल्या भाषेला परका नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊ नये, दिलीच तर किनाऱ्यापासून आत द्यावी, असा सल्लाही त्यात आहे. प्रतिस्पर्ध्याचे आजचे वर्तन पाहून त्याच्या उद्याच्या ताकदीचा अंदाज बांधणे ही या विषयाची पहिली पायरी, आणि ती तिथे स्पष्ट दिसते.

आधुनिक काळासाठी 1962 ते 1966 या चार वर्षांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने हल्ला केला आणि महिनाभरात एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे सर्वांना पाठ असते. पण पुढे त्यांनी दिल्लीत नेमके काय केले, हे फार थोड्यांना सांगता येते. 1964 मध्ये पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आली. सव्वाआठ लाखांचे भूदल, डोंगराळ युद्धासाठी खास डिव्हिजन आणि 45 स्क्वाड्रनचे हवाईदल अशी उद्दिष्टे ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने अणुचाचणी केली. पुढच्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले.

त्या युद्धातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. 1 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. त्या दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांना भेटले, आणि विमाने वापरण्याची परवानगी त्यांना काही मिनिटांत मिळाली. सूर्य मावळण्याआधी पठाणकोटहून विमाने उडाली होती. 1962 च्या युद्धात लढाऊ विमाने हल्ल्यासाठी वापरलीच गेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मिनिटांचे मोल कळते. तीन वर्षांत मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात जो विश्वास तयार झाला, तो कोणत्याही योजनेच्या आकड्यांत दिसत नाही. माझ्या मते त्या काळातली सर्वांत मोठी कमाई तीच.

यानंतर नवा वाचक साहजिकच विचारेल, आजचे धोरण कुठे वाचायला मिळते? इथे थोडी निराशा होते. चीन 1998 पासून संरक्षणविषयक श्वेतपत्रिका काढत आला आहे. पाकिस्ताननेही जानेवारी 2022 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा जाहीर भाग छापला. भारताने असा एकसंध दस्तऐवज प्रसिद्ध केलेला नाही. अण्वस्त्रांबाबत जानेवारी 2003 चे छोटेसे निवेदन आहे. त्यात प्रथम वापर न करण्याचे तत्त्व नमूद आहे. बाकीचे धोरण तुकड्यातुकड्यांनी गोळा करावे लागते : कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने दिलेला अहवाल, संसदेच्या स्थायी समितीची टिपणे, कॅगचे आक्षेप आणि अर्थसंकल्प.

अर्थसंकल्पाला वाचकांनी बिचकू नये. 2025-26 साठी संरक्षणाची तरतूद सुमारे 6.81 लाख कोटी रुपयांची होती. त्यातले 1.80 लाख कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे विमाने, जहाजे, तोफा यांचे. आणि जवळजवळ 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. भाषणांत काहीही म्हटलेले असो, कल कुठे आहे ते या दोन आकड्यांवरून समजते.

दुसरे साधन नकाशा. लडाखमध्ये दर्बुकहून श्योकमार्गे दौलत बेग ओल्डीला जाणारा 255 किलोमीटरचा रस्ता त्यावर बोटाने शोधा. गलवान नदी श्योकला मिळते ते ठिकाण या रस्त्याच्या अगदी लगत आहे. 15 जून 2020 रोजी तिथे चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय जवानांनी प्राण गमावले. 1996 च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नव्हता. त्या रात्रीच्या झटापटीत गोळी न सुटता एवढी माणसे का गेली, याचे निदान अर्धे उत्तर त्या करारात सापडते.

उत्तरेकडे पाहताना समुद्र विसरू नका. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार 2005 चा. सहावी ‘वागशीर’ नौदलात आली जानेवारी 2025 मध्ये. याच काळात लडाखमध्ये अधिक फौज ठेवावी लागली आणि चिनी नौदल हिंदी महासागरात वरचेवर दिसू लागले. डोंगराला आधी द्यायचे की समुद्राला, यावर जाणत्या लोकांतही तीव्र मतभेद आहेत. तुम्हीही आपले मत जरूर बनवा. फक्त ते मांडताना पैसा कुठल्या खर्चातून काढणार, तेवढे सांगा.