इंग्रजीचे पहिले शब्द : सातारा-सांगलीकडील एक इतिहास

परक्या भाषेची ओळख व्याकरणाच्या आधीं शब्दांनीं होते. सातारा व सांगली या भागांत इंग्रजी शब्द शाळेच्याही आधीं घरोघरीं पोंचले होते. कोर्ट, स्टेशन, तिकीट हे शब्द निरक्षर माणसाच्या तोंडीं रुळले. त्यांच्याही पूर्वीं पोर्तुगीजांकडून आलेले चावी, पगार, बटाटा हे तर मराठीच होऊन गेले. परंतु कानावर पडलेला शब्द आणि वाचतां येणारा शब्द यांत मोठें अंतर होतें. खेड्यांत तार आली कीं तिच्यांतल्या चार इंग्रजी शब्दांचा अर्थ समजून घेण्यासाठीं कोणा शिकलेल्याच्या दारीं धांवावें लागे. आणि अशी तार पुष्कळदां आजारपणाची किंवा मृत्यूची असे. शब्द न येण्याची किंमत काय असते, हें त्या वेळीं कळे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि मॅट्रिकची परीक्षा हायस्कुलांचें लक्ष्य ठरली. चार इयत्ता मराठींत झाल्या म्हणजे मुलगा ‘पहिली इंग्रजी’त बसे. अक्षरें गिरवून झालीं कीं स्पेलिंग, उच्चार आणि अर्थ यांचा एका दमांत घोष सुरू होई : सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. जसें लिहावें तसें वाचावें, या शिस्तींत वाढलेल्या मुलाला ‘बी-यू-टी बट’ आणि ‘पी-यू-टी पुट’ हा भेद अन्यायासारखा वाटे. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभीं ‘के’ कशासाठीं, हें कोडें तर त्याहून अवघड. वास्तविक इंग्रज लोक एके काळीं तो ‘के’ उच्चारीत असत. पुढें उच्चार गेला व अक्षर राहिलें. पण वर्गांत एवढा खुलासा क्वचितच होई. पाठांतर हाच तोडगा असे.

या घोकंपट्टीला खरा आधार दिला तो तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेनें. थोडे शब्द द्यावे आणि लगेच त्यांचीं लहान वाक्यें मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत करून घ्यावीं, ही तिची रीत. सकाळीं पाठ केलेला शब्द संध्याकाळपर्यंत वाक्यांत वापरला जाई, म्हणून तो टिके. मराठी हीच येथें इंग्रजीची पहिली शिक्षिका होती.

परंतु उत्तम पुस्तक असून भागत नाहीं. शाळेचें दारही उघडावें लागतें. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत पहिली इंग्रजीच्या वर्गांत एका मुलाचें नांव दाखल झालें : भिवा रामजी आंबेडकर. पुढें या शाळेस छत्रपति प्रतापसिंह महाराजांचें नांव देण्यांत आलें. त्या वर्गांत भिवाला इतरांबरोबर बसतां येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर तो कोपऱ्यांत बसे, आणि शिपायानें नळ उघडला तरच त्याला पाणी मिळे. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेंत अध्यापक होते. त्यांनीं मुलाकडून तर्खडकरांच्या पाठमालेचे भाग घरीं पक्के करून घेतले. पाठमालेनें सर्वांना एकच शब्द दिले. बसावयास जागा मात्र एकच दिली गेली नाहीं. याच विद्यार्थ्यानें पुढें इंग्रजींत ग्रंथ लिहिले आणि भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद भूषविलें. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रांत आतां विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

दार अधिक रुंद करण्याचें काम पुढच्या पिढीनें केलें. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं कराडनजीक काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्याच वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें विलिंग्डन कॉलेज सांगलीस सुरू झालें आणि उच्च शिक्षणाची सोय जवळ आली. १९२४ मध्यें कर्मवीरांचें कार्य साताऱ्यास आलें. तेथील वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. १९४० मध्यें निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलांत शेतकऱ्याचा मुलगा श्रम करून शिकूं लागला. कुदळ धरणाऱ्या हातानें स्पेलिंग गिरविलें, तेव्हां इंग्रजी ही मूठभर घराण्यांची मिरास उरली नाहीं.

याच सुमारास परदेशांतही नवशिक्याच्या शब्दांचा विचार चालला होता. १९३० सालीं ऑग्डेन या इंग्रज पंडितानें ८५० शब्दांत व्यवहार भागविणारी ‘बेसिक इंग्लिश’ योजना मांडली. मायकेल वेस्ट यांनीं बंगालमधील मुलांना शिकवितांना, नेहमीं लागणारे शब्द आधीं व विरळा लागणारे मागून, अशा क्रमानें वाचनमाला रचली. तर्खडकरांची वाट निराळी; पण थोडे शब्द घेऊन त्यांचा पुष्कळ उपयोग करावा, हा धडा दोन्हींकडे सारखाच आहे.

१९४९ मध्यें सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा हाच १९६० पासून सांगली जिल्हा. सन २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचें ओझें आतां सहा वर्षांच्या बालकावर आलें आहे. म्हणूनच त्याला शब्द बेतानें द्यावे, त्यांचा अर्थ त्याच्या मायबोलींत उलगडावा, त्याच दिवशीं ते बोलण्यांत वापरून घ्यावे, आणि वर्गांत कोणाही मुलाला कोपऱ्यांत बसवूं नये. साताऱ्याच्या त्या जुन्या वर्गाची शिकवण एवढीच आहे.