गार्डाच्या डब्यातली वही

रेल्वेत तक्रार करायची तर पूर्वी वही मागावी लागे. ती असे स्टेशनमास्तरच्या खोलीत किंवा गाडीच्या शेपटाशी, गार्डाच्या डब्यात. वही मिळालीच तर खाली कार्बन कागद घालून मजकूर लिहायचा, नाव-पत्ता द्यायचा आणि गाडी सुटायच्या आत आपल्या डब्याकडे धावायचे. पुढे त्या कागदाचे काय झाले, हे शेजारच्या बाकावरच्या प्रवाशालाही कळत नसे.

वहीचा हा बंदिस्तपणा ज्यांना पुरत नसे, ते वर्तमानपत्राकडे वळत. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्याच महिन्यात रांचीहून वृत्तपत्रांना एक दीर्घ पत्र धाडले. तिकीट तेरा रुपये नऊ आण्यांचे होते आणि डबा बावीस जणांचा. पुण्यापर्यंत संख्या बावीसवर राहिली, ती काही धट्ट्याकट्ट्या प्रवाशांनी बाकीच्यांना दारातच थोपवले म्हणून. रायचूरनंतर मात्र गर्दी असह्य झाली. साऱ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. हे सगळे त्यांनी तपशिलाने मांडले. हेच गार्डाच्या वहीत लिहिले असते, तर एका कारकुनाने वाचले असते. छापून आल्याने ते देशाने वाचले.

तक्रार चारचौघांत आली की ती ऐकणाऱ्यावर वेगळाच दाब येतो. शंभर वर्षांनी हाच दाब ट्विटरने प्रत्येक मोबाइलधारक प्रवाशाच्या हाती दिला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री झाले. पेशाने सनदी लेखापाल, कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून चार वेळा निवडून आलेले. त्यांच्या काळात रेल्वे मंत्रालयाचे ट्विटर खाते केवळ घोषणांपुरते राहिले नाही. प्रवाशाने गाडीतून लिहायचे, मंत्रालयाने आरक्षित तिकिटाचा पीएनआर आणि मोबाइल क्रमांक विचारायचा, मजकूर संबंधित विभागाच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे डीआरएमकडे, पाठवायचा आणि पुढच्या स्टेशनवर कुणीतरी हजर व्हायचे, अशी साखळी उभी राहिली. दिल्लीच्या रेल भवनात वाचलेले वाक्य तासाभरात एखाद्या आडगावच्या फलाटावर माणूस उभा करू लागले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये विदर्भ-खानदेशाच्या वाटेवर याचा प्रत्यय आला. एकटीने प्रवास करणाऱ्या एका तरुणीला सहप्रवासी त्रास देत होता. शेगावच्या सुमारास तिने रेल्वेमंत्र्यांना उद्देशून ट्विट केले. गाडी भुसावळला लागली तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाचे जवान तिच्या मदतीला आले. त्याच महिन्यात राजस्थानातल्या मेडता रोड स्टेशनवर एका मुलाच्या ट्विटमुळे आजारी वडिलांसाठी व्हीलचेअर मिळाली. तान्ह्या बाळाला दूध हवे, औषध हवे, डब्यात पाणी नाही, असे संदेश येत राहिले. विभागीय कार्यालयांनी आपापली खाती उघडली. वर्षानुवर्षे फायलीमागे बसलेल्या अधिकाऱ्याला आपल्या नावानिशी, लोकांदेखत उत्तर द्यावे लागू लागले. कारभाराच्या सवयीत झालेला हा खरा आणि मोठा बदल होता.

मुंबईच्या लोकलवाल्यांनी मात्र उत्तराची वाट न पाहता आपसांतच बोलायला सुरुवात केली. कोणती फास्ट किती उशिरा आहे, कुठे सिग्नल बिघडला, हे व्हॉट्सॲपच्या डबेवार ग्रुपांवर आणि एम-इंडिकेटर ॲपच्या गप्पांत उद्घोषणेच्या आधी पोचू लागले.

पण ट्विटरवरच्या ज्या तक्रारींचे निवारण झाले, त्यांचे स्वरूप पाहावे. दूध, चाकाची खुर्ची, बंदोबस्त: पुढच्या स्टेशनवरचा एक माणूस एका फोनवर करू शकेल अशी ही कामे. ज्या तक्रारीला पैसा, निविदा आणि दोन-तीन वर्षे लागतात, तीही त्याच खात्यावर, तितक्याच शब्दांत येत होती.

मुंबईतल्या पुलाची तक्रार अशीच होती. परळच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पूल तेवढाच अरुंद राहिला. सकाळच्या वेळी त्यावर पाऊल टाकायला जागा नसे. प्रवाशांनी त्या गर्दीची छायाचित्रे काढून रेल्वेच्या खात्यांवर टाकली, एक दिवस इथे चेंगराचेंगरी होईल असे स्पष्ट लिहिले. खासदारांनी पत्रे दिली. नवा पूल मंजूर झाला, पण काम सुरू झाले नव्हते.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी जोराचा पाऊस आला. भिजू नये म्हणून लोक पुलावरच थांबले, मागून लोकलमधून उतरलेले येत राहिले. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. जुनी ट्विट्स त्या दिवशी पुन्हा फिरू लागली; त्यांत जागा तीच, इशारा तोच, फक्त तारखा आधीच्या. प्रभूंनी त्याच महिन्याच्या आरंभी, उत्तर प्रदेशातल्या लागोपाठच्या रेल्वे अपघातांनंतर, रेल्वे खाते सोडले होते.

पुढे तक्रारींसाठी ‘रेल मदद’ आले, निरनिराळ्या मदतवाहिन्या १३९ या एका क्रमांकात गुंफल्या गेल्या. ट्विटरचे नावही २०२३ मध्ये ‘एक्स’ झाले. विनाआरक्षित डब्यात मात्र पीएनआर नसतो. गांधीजींच्या तिसऱ्या वर्गाचा वारसा सांगणाऱ्या त्या डब्यातल्या प्रवाशाकडे ‘पीएनआर कळवा’ या प्रश्नाला उत्तर नसते.

एल्फिन्स्टन रोडचा नवा पादचारी पूल शेवटी लष्कराच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत उभारला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो लोकांसाठी खुला झाला, आणि त्याच वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.