गाण्यांच्या सर्व्हरवर उपग्रह

परवा शनिवारी घरच्या लिनक्सवर एनट्रिप कॅस्टर चढवला. सेटिंगची फाइल उघडली आणि चमकलोच. अरे, हा तर आइसकास्ट, इंटरनेट रेडिओवाला!

गोष्ट फ्रँकफर्टची. एकटं जीपीएस काही मीटर चुकतं. जागा पक्की ठाऊक असलेलं केंद्र सतत दुरुस्ती कळवत राहिलं, तर जवळचा रिसीव्हर सेंटिमीटरपर्यंत नेमका होतो. पूर्वी ही दुरुस्ती रेडिओवरून जायची. टेकडी आडवी आली की संपलं. बीकेजी या जर्मन सरकारी भूमापन संस्थेने आइसकास्टचा खुला कोड घेतला आणि गाण्यांऐवजी दुरुस्त्या सोडल्या. २००४ मध्ये आरटीसीएमने त्याला मानकाचा दर्जा दिला.

गाण्यांसाठी लिहिलेल्या कोडच्या वंशजांवर आज जमिनी मोजतात. तो कुलुपात ठेवला असता तर? असो, माझा कॅस्टर चालू झाला!