पणजी ते कळंगुट

गोव्याहून परतलेल्या माणसाला आपण तीन प्रश्न हमखास विचारतो. कुठे उतरलात, काय खाल्लंत आणि खर्च किती आला? तिथे फिरलात कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. मला मात्र तोच प्रश्न पहिला सुचतो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, राजे आणि सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण एखाद्या गावाचं नशीब पालटतं ते पुष्कळदा तिथे पोचायच्या वाटेमुळे, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलं आहे. म्हणून आज एकाच वाटेबद्दल लिहिते. पणजी ते कळंगुट. अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण मध्ये मांडवी आडवी आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मांडवीच्या दक्षिण काठावर पणजी, तिसवाडी तालुक्यात. समोरच्या काठावर बेती, तिथून बार्देस सुरू. बेती, वेरे, नेरूल असं करत पश्चिमेला गेलं की समुद्र लागतो. तिथे आग्वादच्या किल्ल्यापासून बागाच्या खाडीपर्यंत कांदोळी, कळंगुट आणि बागा अशी सलग वाळू आहे. आज या पट्ट्यात हॉटेलांना खेटून हॉटेलं आहेत. पण पणजीच्या धक्क्यावरून समोर दिसणारं बार्देस शेकडो वर्षं ‘पलीकडे’ होतं. मध्ये पाणी होतं, आणि पाणी ओलांडायचं तर नावाड्याची वाट बघावी लागे.

पोर्तुगीजांना पूल बांधता येत नव्हते, असं मुळीच नाही. पणजी आणि रायबंदर यांच्यामधल्या दलदलीवरचा जांभ्या दगडाचा बांध-पूल त्यांनी १६३३-३४ मध्ये उभारला. लिन्यारिशचा काउंट तेव्हा व्हाइसरॉय होता, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्या पुलावरून आजही बस जाते. पण पणजीपाशी मांडवी ओलांडणारा पूल त्यांच्या साडेचारशे वर्षांच्या राजवटीत झाला नाही. राजधानी अलीकडे होती, किल्ले दोन्हीकडे होते, होड्या होत्या. राज्यकर्त्यांचं तेवढ्यात भागत होतं.

कळंगुटचे पहिले पर्यटक कोण, असं विचारलं तर बहुतेक जण हिप्पींचं नाव घेतील. पण त्यांच्या कितीतरी आधी खुद्द गोंयकारच तिथे जात. उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्यात, खाऊनपिऊन सुखी असलेली कुटुंबं हवापालटासाठी समुद्राकाठी मुक्काम हलवत. या रिवाजाला पोर्तुगीज शब्द होता ‘मुदान्सा’, म्हणजे बदल, स्थलांतर. दक्षिणेकडचे लोक कोलव्याला जात, पणजी-बार्देसचे कळंगुटला. खाऱ्या पाण्यातल्या आंघोळी प्रकृतीला चांगल्या, असा समज होता. घर भाड्याने घ्यायचं आणि भांड्याकुंड्यांसकट तिथे राहायला जायचं. पूर्वी हा प्रवास होडी आणि बैलगाडीचा. पुढे मोटारलाँच आली, तिला लोक ‘गॅसोलीन’ म्हणत. पलीकडे बस मिळे, तिचं नाव ‘कार्रेर’. आणखी एक गंमत सांगते. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचा नियम केला, पण गोव्यात मात्र डावी बाजूच कायम राहिली. शेजारी इंग्रजांचा हिंदुस्थान, तिथली गाडी सरहद्द ओलांडली की उजवीकडे कशी न्यायची? वाटेला शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भाऊच्या धक्क्यावरून निघणारी बोट मुंबईकरांना पुन्हा पणजीला नेऊ लागली. कोकणातली बंदरं घेत घेत, डेकवर वळकट्या पसरून झोपलेल्या चाकरमान्यांना उतरवत ती दुसऱ्या दिवशी पणजीच्या धक्क्याला लागे. साठच्या दशकाच्या अखेरीस याच बोटीतून पाठीवर पिशव्या घेतलेले गोरे तरुण-तरुणीही उतरू लागले. तिथून फेरीबोट, मग बस आणि मग पाय. कळंगुट आणि बागा त्यांना पहिल्यांदा सापडलं ते याच कारणाने. पुढे तिथे गर्दी वाटू लागली तेव्हा ते बागाची खाडी ओलांडून डोंगराला वळसा घालत हणजुण्याला गेले. हणजुण्याचा बुधवारचा बाजार नावारूपाला आल्यावर बागाचे मच्छीमार आपल्या होड्यांतून पर्यटकांना तिथे नेऊ लागले. मासे पकडायची होडी त्या एका दिवसापुरती टॅक्सी होई.

मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या आसपास, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना झाला. त्याला नेहरूंचं नाव दिलं. पणजी आणि म्हापसा एका रस्त्याने जोडले गेले. नदीकाठी ताटकळणारा रोगी, कॉलेजचा विद्यार्थी, भाजीवाली, सगळ्यांची सोय झाली. पुलामुळे जुनी मजा गेली म्हणून उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. रात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि फेरी बंद असली, तर त्या बाईला नदीचं सौंदर्य दिसत नसतं.

बसचीही एक हकीकत आहे, आणि शिक्षिका म्हणून ती मला विशेष प्रिय आहे. १९७८-७९ मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून मोठं आंदोलन केलं. तेव्हा बस बहुतेक खाजगी होत्या. त्या आंदोलनातूनच सरकारी वाहतूक महामंडळाचा विचार पुढे आला आणि १९८० मध्ये ‘कदंब’ची स्थापना झाली. कळंगुटला जाणाऱ्या पर्यटकाला आज पणजीच्या ज्या कदंब स्थानकावरून बस मिळते, त्या स्थानकाच्या नावामागे वह्या-पुस्तकं घेऊन रस्त्यावर उतरलेली मुलं आहेत, हे कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत छापलेलं मी पाहिलं नाही.

आणि मग ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. वीस वर्षंसुद्धा टिकला नाही. खाऱ्या हवेने आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, असं कारण पुढे आलं. एका दिवसात पणजी पुन्हा फेरीवर आली.

त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या शाळेची सहल गोव्याला गेली होती. म्हापशाहून येणारी आमची एस.टी. बेतीलाच उभी करावी लागली, कारण गाड्यांची रांग संपता संपत नव्हती. चाळीस मुलांना दोन-दोनच्या ओळीत फेरीवर चढवताना आम्हा तिघी शिक्षिकांचा जीव टांगणीला लागला होता. फेरीवर सायकली होत्या, कारकून होते, एक पाद्री होते, दोन परदेशी होते आणि पाट्या घेतलेल्या मासळीवाल्या होत्या. मुलं त्यांच्याभोवती जमली. एकीने पाटीवरचा ओला फडका बाजूला सारून इसवण, बांगडे, तारले अशी एकेकाची ओळख करून दिली. मी तिला म्हटलं, “पूल पडला, तुमचे फार हाल होत असतील.” ती म्हणाली, “पूल पडलो म्हणून नुस्तें रावता काय?” पूल पडला म्हणून मासळी थांबते का, हा तिचा सवाल. मुलांना त्या सहलीतलं काय आठवतं असं पुढे कधी विचारलं, तर चर्च आणि देवळांच्या आधी ती फेरी आणि ती बाई निघे. पंधरा मिनिटं सगळे एकाच लोखंडी फळीवर उभे होतो, एवढंच त्याचं कारण.

या लेखात मला सांगायचं आहे ते हेच. बोट, फेरी, कार्रेर, कदंबची बस, या सगळ्यांत पाहुणा आणि गावकरी एकत्र बसत होते. त्याच मालिकेत गोव्याचे ‘पायलट’ही येतात. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, मागे एक प्रवासी, रीतसर परवाना. नव्वदच्या दशकात कळंगुटच्या तिठ्यापासून आतल्या वाडीत राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे मी अशी साडी सावरत गेले आहे. वाटेत त्या पायलटने चर्चचं फेस्त कधी असतं, कोणतं घर कोणी विकलं आणि कोणाचा मुलगा आखातात गेला, हे सगळं सांगून टाकलं. चार रुपयांत प्रवास आणि वर गावाचा इतिहास फुकट!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवा पूल झाला, पुढे शेजारी दुसरा आला. १९९७ मध्ये दुचाकी भाड्याने देण्याची सरकारी योजना आली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या स्कूटरी गल्लोगल्ली दिसू लागल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईची बोट त्याआधीच इतिहासजमा झाली होती. २७ जानेवारी २०१९ ला मांडवीवर अटल सेतू खुला झाला. पाच किलोमीटरहून लांब, देखणा, तारांवर तोललेला. पण त्याच्यावरून दुचाकी आणि रिक्षा जात नाहीत. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरू लागली.

सोयी वाढल्या, यात शंका नाही. पण जो तो आपापल्या चाकावर बसला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. नोंदलेल्या वाहनांची संख्या आता त्याच्याही पुढे गेली आहे. हंगामात कांदोळी-कळंगुटचा रस्ता पायी चालणाऱ्यापेक्षा हळू सरकतो. टॅक्सीच्या भाड्यावरून वाद आहेत. २०१८ मध्ये ॲपवरची ‘गोवा माइल्स’ सेवा सुरू झाली तेव्हा स्थानिक टॅक्सीवाल्यांनी कडाडून विरोध केला. पर्यटक त्यांना लुबाडणारे म्हणतात. पण कर्ज काढून एक गाडी घ्यायची आणि चार महिन्यांच्या हंगामावर बारा महिने काढायचे, हा त्यांचा हिशेबही ऐकून घ्यायला हवा. किनाऱ्यावरच्या धंद्यात गावातल्या माणसाच्या हातात जे थोडं उरलं आहे, त्यात ती टॅक्सी आहे.

या भांडणात एक माणूस कोणालाच दिसत नाही. तो म्हणजे बसची वाट बघणारा. हॉटेलात खोल्या साफ करून संध्याकाळी घरी निघालेली बाई, क्लासला जाणारी मुलगी, माझ्यासारखी सत्तरी ओलांडलेली, स्कूटर न येणारी आणि दर वेळी टॅक्सी न परवडणारी म्हातारी. दिवसा पणजी-कळंगुट बस भरपूर आहेत. अंधार पडला की त्या विरळ होतात आणि ऐन रात्री, म्हणजे किनारा जागा असतो तेव्हा, बंदच होतात. पाहुण्याला बस लागेनाशी झाली आणि गावातल्या तरुणांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, की उशिराच्या फेऱ्या तोट्यात जातात. फेऱ्या कमी झाल्या की आणखी चार जण दुचाकी घेतात. शेवटी स्टॉपवर उरतो तो ज्याच्याकडे दुसरा उपायच नाही, आणि त्याच्यासाठी आंदोलन करायला आता कॉलेजची मुलं येत नाहीत, कारण त्यांच्याकडेही स्कूटर आहे.

असो. गोव्याला जाल तेव्हा सगळे दिवस बसने फिरा, असा उपदेश मी करणार नाही. तुमच्याबरोबर लहान मुलं असतील, सामान असेल. पण एक दिवस तरी पणजीहून कळंगुटची साधी बस पकडा. साधारण पाऊण तास लागतो. कंडक्टर दारात लोंबकळत “फुडें वच” म्हणून ओरडेल, कोणाची तरी पिशवी तुमच्या मांडीवर येईल, बेतीचा उतार ओलांडला की उजव्या-डाव्या हाताला काय काय आहे ते शेजारचा माणूस आपणहून सांगेल. आणि वेळ असेल तर परतताना बेतीला उतरून फेरीने पणजीला या. ती फेरी अजून चालते, चालत येणाऱ्याला तिकीट नाही. तुमच्या एका माणसाने बसचा तोटा भरून निघणार नाही, हे मला कळतं. पण ती रात्रीची बस सुरू राहावी, असं उद्या गोव्यातल्या कोणी म्हटलं, तर ती कोणासाठी हवी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल.