स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेट : पारख, मर्यादा आणि पर्यायी फर्मवेअर

कमी किमतीचा अँड्रॉइड टॅब्लेट ही आज अनेक घरांत चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांची पाठ्यपुस्तके, ध्वनिचित्र व्याख्याने, शासकीय अर्ज आणि परगावी असलेल्या नातलगांशी होणाऱ्या भेटी या सर्वांसाठी तो घरातील एकमेव मोठा पडदा असतो. अशा वेळी खरेदी फसली किंवा दोन वर्षांतच उपकरण संथ झाले, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. जुन्या टॅब्लेटवर पर्यायी, म्हणजेच कस्टम फर्मवेअर बसवून त्याला नवे आयुष्य देता येते, हे अनेकांनी ऐकलेले असते. ते कितपत खरे आहे, त्यात धोका कोणता आणि त्याआधी टॅब्लेटची पारख कशी करावी, याचा हा आढावा.

आकाशचा अनुभव

भारतात स्वस्त टॅब्लेटची व्यापक चर्चा सुरू झाली ती ‘आकाश’मुळे. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत या टॅब्लेटचे अनावरण केले. डेटाविंड कंपनीच्या या उपकरणात सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि अँड्रॉइड २.२ ही प्रणाली होती. पडदा दाबावर चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह प्रकारचा होता. बोटाच्या हलक्या स्पर्शाला तो सहज दाद देत नसे. संथपणा आणि बॅटरी यांविषयीही तक्रारी आल्या.

‘आकाश २’ची सुधारित आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाली. तिच्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, स्पर्शसंवेदी कपॅसिटिव्ह पडदा आणि अँड्रॉइड ४.० होते. या टप्प्यात मुंबईच्या आयआयटीने महत्त्वाची भूमिका बजावली. तेथील गटाने याच यंत्रावर सी, पायथन आणि सायलॅब यांचे प्रोग्राम लिहिण्याची सोय केली, तसेच मेमरी कार्डावरून लिनक्सही चालवून दाखवला. स्वस्त यंत्रणेची क्षमता तिच्या सुट्या भागांइतकीच तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरही अवलंबून असते, हा धडा त्यातून मिळाला. मात्र भाग मुळातच निकृष्ट असतील तर कोणतेही सॉफ्टवेअर त्यांना वाचवू शकत नाही, हे पहिल्या ‘आकाश’ने दाखवले होते.

खरेदीपूर्वीची पारख

*प्रमाणीकरण.* टॅब्लेट हे उपकरण भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेखाली येते. खोक्यावर किंवा उपकरणावर ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे का, ते प्रथम पाहावे. त्यानंतर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधील माहिती विभागात उपकरण प्रमाणित असल्याची नोंद तपासावी. ही खबरदारी औपचारिक नाही. २०२३ मध्ये ‘बॅडबॉक्स’ या नावाने उघडकीस आलेल्या प्रकरणात प्रमाणीकरण नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स व टॅब्लेटमध्ये ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे आढळले होते.

*रॅम आणि साठवण.* जाहिरातीतील ‘४+४ जीबी’ याचा अर्थ आठ जीबी रॅम असा होत नाही. दुसरे चार जीबी हे साठवणुकीतून उसने घेतलेले असतात आणि त्यांचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही जात नाही. अँड्रॉइड १३ पासून कमी क्षमतेच्या उपकरणांसाठीच्या ‘गो’ आवृत्तीलाही किमान दोन जीबी रॅम लागते. प्रत्यक्ष वापरासाठी चार जीबी ही सुरक्षित मर्यादा मानावी. साठवणुकीचा प्रकारही विचारावा. स्वस्त टॅब्लेटमध्ये बहुधा ईएमएमसी असते, ती यूएफएसपेक्षा संथ असते. जुना टॅब्लेट रखडतो त्यामागे पुष्कळदा प्रोसेसर नसून ही साठवण असते.

सेटिंग्जमध्ये दिसणाऱ्या आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ते आकडे फर्मवेअरच सांगत असते, आणि अनामिक बनावटीच्या उपकरणांत ते फुगवलेले असू शकतात. मोठ्या फायली प्रत्यक्ष भरून, त्या पुन्हा उघडून पाहणे ही खात्रीची चाचणी आहे.

*पडदा.* सात इंची पडद्यावर १२८० गुणिले ८०० बिंदू असतील तर घनता प्रति इंच सुमारे २१६ बिंदू पडते. तेवढेच बिंदू १०.१ इंची पडद्यावर पसरले की ती सुमारे १५० वर येते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ प्रत उघडून तळटीपा मोठ्या न करता वाचता येतात का, हे दुकानातच पाहता येते. विकसक पर्यायांमध्ये स्पर्शबिंदू दाखवण्याची सोय असते. ती सुरू करून बोटाने सावकाश तिरक्या रेषा ओढाव्यात. रेषा तुटली किंवा नागमोडी झाली तर पडदा सदोष समजावा.

*मराठीचा आधार.* अँड्रॉइड ४.० पूर्वीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नसत. संपूर्ण यंत्रणा मराठीत वापरण्याची सोय अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून आली. आजच्या उपकरणांत हा प्रश्न सहसा येत नाही. तरीही जुना टॅब्लेट घेताना ‘दुसऱ्या’, ‘बाळकृष्ण’, ‘ॲप’ असे शब्द टंकून पाहावेत. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ जेथे फुटतात, तेथे फॉन्ट जुना आहे.

*बॅटरी.* प्रकाशमान निम्म्यावर ठेवून तासभर चित्रफीत चालवावी. तासात १२ टक्के बॅटरी उतरली तर पूर्ण बॅटरी सुमारे आठ तास पुरेल, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. जुन्या उपकरणाची पाठ फुगलेली दिसली, तर ते विकत घेऊ नये आणि चार्जही करू नये.

*सुरक्षा अद्यतने.* सेटिंग्जमधील सुरक्षा अद्यतनाची तारीख वर्षभराहून जुनी असेल, तर कंपनीने त्या उपकरणाकडे पाठ फिरवली आहे असे समजावे. वापरलेला टॅब्लेट घेताना आधीच्या मालकाचे गूगल खाते त्याच्याच हाताने काढून घ्यावे. अँड्रॉइड ५.१ पासून आलेल्या संरक्षणामुळे, सर्व माहिती पुसल्यानंतरही उपकरण जुने खाते मागते.

फर्मवेअर म्हणजे काय

टॅब्लेट सुरू होताना प्रथम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला चालना देतो आणि मग अँड्रॉइड उभे राहते. याशिवाय दुरुस्ती व पुनर्स्थापनेसाठी रिकव्हरी नावाचा स्वतंत्र विभाग असतो. कस्टम फर्मवेअर बसवणे म्हणजे यांतील यंत्रणेचा, आणि बहुधा कर्नल व रिकव्हरीचाही भाग बदलणे.

अँड्रॉइडचा पाया असलेला लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे. त्यामुळे उपकरणासोबत कर्नल देणाऱ्या कंपनीने त्याचा स्रोत मागणाऱ्यास उपलब्ध करणे बंधनकारक ठरते. हा स्रोत मिळाला की स्वयंसेवी विकसक त्यावर नवी आवृत्ती उभी करतात. अनेक स्वस्त उत्पादक तो देत नाहीत. लोकप्रिय उपकरणांसाठी डझनभर फर्मवेअर आणि अनामिक टॅब्लेटसाठी एकही नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव सायनोजेनमॉड. २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये थांबला आणि त्याच महिन्यात त्याच्या स्रोतावर लिनिएजओएस उभे राहिले. गूगलची स्वतःची ॲप परवान्याच्या कारणाने अशा फर्मवेअरमध्ये समाविष्ट नसतात. ती स्वतंत्रपणे बसवावी लागतात. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८.० सोबत आलेल्या ‘ट्रेबल’ रचनेने चिप उत्पादकाचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले. त्यामुळे स्वतंत्र फर्मवेअर नसलेल्या टॅब्लेटवरही सामाईक यंत्रणा बसवण्याची शक्यता निर्माण झाली. अशा सामाईक यंत्रणेत कॅमेरा किंवा सिमवरील कॉल बंद पडण्याचे प्रकार मात्र घडतात.

नेक्सस ७ : एक उदाहरण

गूगलने जून २०१२ मध्ये जाहीर केलेला आणि आसुसने बनवलेला नेक्सस ७ अमेरिकेत १९९ डॉलरपासून उपलब्ध होता. टेग्रा ३ चिप, एक जीबी रॅम, १२८० गुणिले ८०० बिंदूंचा सात इंची पडदा ही त्या किमतीत उत्तम सामग्री होती. उणीव होती ती साठवणुकीत. ती भरत आली की टॅब्लेट रखडू लागे. पुसलेल्या फायलींची जागा साठवणुकीला वेळोवेळी मोकळी करून देणारी ‘ट्रिम’ ही सोय अँड्रॉइड ४.३ मध्ये आली आणि काही काळ दिलासा मिळाला.

पुढे २०१४ च्या अखेरीस अँड्रॉइड ५.० आले. त्याच आवृत्तीने मराठी ही यंत्रणेची भाषा म्हणून आणली. पण पहिल्या नेक्सस ७ ला तिचा भार पेलवेना. साधे पान उघडण्यासही विलंब होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. ५.१.१ नंतर अधिकृत अद्यतने थांबली.

यावर वापरकर्त्यांनी दोन मार्ग काढले. काहींनी गूगलने उपलब्ध ठेवलेले मूळ फर्मवेअर वापरून ४.४ वर परतणे पसंत केले. इतरांनी कस्टम फर्मवेअर बसवताना माहितीचा विभाग एफटूएफएस या फ्लॅश साठवणुकीसाठी रचलेल्या फाइल पद्धतीत बदलून घेतला. त्यामुळे लहान फायली लिहिण्याचा वेग सुधारला आणि टॅब्लेट पुन्हा वापरण्याजोगा झाला. रॅम मात्र एक जीबीच राहिली. फर्मवेअरने अडथळा दूर केला, क्षमता वाढवली नाही. या विषयातील अपेक्षांची मर्यादा एवढ्या एका उदाहरणातून स्पष्ट होते.

आधी सोपे उपाय

फर्मवेअर बदलण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात : निम्मी साठवण रिकामी करणे, न लागणारी मूळ ॲप बंद करणे आणि माहितीची प्रत काढून टॅब्लेट कारखाना स्थितीत आणणे. अनेक तक्रारी येथेच मिटतात. बॅटरी लवकर उतरत असेल, तर नवी बॅटरी हाच उपाय आहे.

प्रक्रियेचा क्रम

१. उपकरणाचा नेमका मॉडेल क्रमांक नोंदवावा. एकाच नावाच्या वाय-फाय आणि सिम आवृत्त्यांचे फर्मवेअर वेगळे असू शकते. पहिल्या नेक्सस ७ च्या या दोन आवृत्त्यांची सांकेतिक नावेही ‘ग्रूपर’ आणि ‘टिलापिया’ अशी भिन्न होती.

२. मूळ फर्मवेअर आधी मिळवून ठेवावे. परतीचा मार्ग हाती नसताना पुढे जाऊ नये.

३. सर्व माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. बूटलोडर खुला करताना टॅब्लेटमधील सर्व काही पुसले जाते.

४. उतरवलेल्या फायलीची पडताळणी संख्या प्रकल्पाने दिलेल्या संख्येशी जुळवावी. एका अक्षराचा फरक असला तरी ती फाइल वापरू नये.

५. सेटिंग्जमधील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्यास विकसक पर्याय उघडतात. तेथे बूटलोडर खुला करण्याची अनुमती देऊन, संगणकावरील एडीबी व फास्टबूट या साधनांद्वारे, पुरेशा चार्ज झालेल्या टॅब्लेटवर पुढील काम करावे. काही कंपन्या ही अनुमतीच ठेवत नाहीत. तेथे विषय संपतो.

६. रिकव्हरीतून जुनी यंत्रणा पुसून नवी बसवावी. गूगलची ॲप हवी असल्यास ती पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच बसवावीत.

७. प्रथम सुरू होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. त्यानंतर वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा, पडद्याचे फिरणे आणि चार्जिंग यांची एकेक तपासणी करावी.

धोके आणि तडजोडी

यंत्रणा चुकीची बसली तर टॅब्लेट सुरू होताना त्याच चक्रात फिरत राहतो. हा दोष बहुधा दुरुस्त होतो. बूटलोडरच बिघडला तर उपकरण निकामी होऊ शकते. मीडियाटेक, रॉकचिप, ऑलविनर अशा चिपांसाठी संगणकावरून थेट फर्मवेअर भरण्याची साधने आहेत, परंतु त्यांना त्याच मॉडेलची मूळ फाइल लागते.

हमी संपुष्टात येण्याची शक्यता गृहीत धरावी. सॅमसंगच्या अनेक उपकरणांत बूटलोडर खुला करून परके फर्मवेअर बसवल्यावर नॉक्स सुरक्षेची इलेक्ट्रॉनिक खूण कायमची बदलते. मूळ फर्मवेअर परत बसवल्यानेही ती पूर्ववत होत नाही. चित्रपटसेवांच्या वाइडवाइन संरक्षणाची पातळी उतरली, तर उच्च दर्जाचे चित्रण दिसेनासे होते. प्ले इंटिग्रिटी चाचणीत उपकरण नापास झाल्यास बँकांची आणि यूपीआयची ॲप चालण्यास नकार देऊ शकतात. ही बंधने चुकवण्याच्या क्लृप्त्या सांगितल्या जातात. ज्या टॅब्लेटवर पैशांचे व्यवहार होतात, तेथे त्या वापरू नयेत. खुला बूटलोडर म्हणजे उपकरण हाती पडलेल्या कोणालाही यंत्रणा बदलण्याची मुभा, हेही विसरू नये.

निर्णय कसा घ्यावा

टॅब्लेट हमीत असेल, त्यावर बँकव्यवहार होत असतील किंवा परीक्षेच्या तोंडावर घरातील विद्यार्थ्याचा अभ्यास त्याच एका उपकरणावर चालू असेल, तर फर्मवेअर बदलू नये. अद्यतने थांबलेला, पडदा व बॅटरी सुस्थितीत असलेला आणि ज्याच्यासाठी सक्रिय प्रकल्प उपलब्ध आहे असा दुसरा टॅब्लेट घरात असेल, तर प्रयोग सार्थकी लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणूनच नव्या खरेदीच्या वेळीही, त्या मॉडेलला लिनिएजओएसचा आधार आहे का, हे पाहून ठेवणे शहाणपणाचे ठरते. खोक्यावरील दाव्यांपेक्षा प्रत्यक्ष सामग्री कमी आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जे उपकरण कोणत्याही उपायाने चालत नाही, ते घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उपकरण अधिकृत संकलन केंद्राकडे सोपवावे, आणि तत्पूर्वी त्यातील छायाचित्रे, खाती व मेमरी कार्ड काढून घ्यावे.