पाणी कुणीकडे वळलं

पौष अमावास्या, ६ जानेवारी १६६५

उठा. अजून झुंजुमुंजू झालेलं नाही, पण कुंडावर गर्दी व्हायच्या आत आंघोळ उरकायची आहे. अंगावर घोंगडी, पायाखाली दवाने भिजलेली लाल माती, आणि दोन्ही बाजूंना जांभूळ-हिरड्याचं इतकं दाट रान, की पुढच्या माणसाच्या हातातली दिवटी दिसते तोवरच रस्ता आहे. ती वळली की अंधार. तुम्ही क्षेत्र महाबळेश्वरला आला आहात. साहेबाचं महाबळेश्वर वसायला अजून दीडशेहून जास्त वर्षं आहेत.

कुंडात उतरा. पाणी हाडापर्यंत झोंबतं. शेजारचा म्हातारा दातावर दात वाजवत नावं घेतो आहे : कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. पाचही नद्या इथेच उगम पावतात, असं तुम्ही लहानपणापासून ऐकलं आहे. भागीरथी आणि सरस्वतीही आहेत म्हणतात, पण त्या रोज भेटत नाहीत. भागीरथी बारा वर्षांनी, गुरू कन्या राशीत गेला की, म्हणजे कन्यागतात येते. सरस्वतीची वाट साठ वर्षं पाहायची. पाणी किती आलं हे इथे हंड्यांनी मोजत नाहीत, पंचांगाने मोजतात.

आज सूर्यग्रहण आहे, आणि गर्दी त्याहूनही मोठ्या कारणासाठी लोटली आहे. जावळीचा हा मुलूख नऊ वर्षांपूर्वी मोऱ्यांकडून घेणारे शिवाजीराजे आज आपल्या आईची सुवर्णतुला करणार आहेत. एका पारड्यात जिजाऊसाहेब, दुसऱ्यात सोनं. त्यानंतर वृद्ध सोनोपंत डबीरांचीही तुला व्हायची आहे. तुम्ही फार मागे उभे आहात. माणसांच्या पाठी, भाल्यांची टोकं आणि मधूनच उठणारा मंत्रांचा घोष, एवढंच तुमच्या वाट्याला येतं. पण एक गोष्ट मागूनही कळते : आईला आणि मुरलेल्या कारभाऱ्याला सोन्याने तोलायचं, तर राजाने त्यासाठी नद्यांचा उगम निवडला.

ग्रहण सुटल्यावर लगेच घरची वाट धरू नका. रानातून वायव्येला चाला, मढी महालच्या कड्यापर्यंत. इथे डोंगर एकदम संपतो. खाली हजारो फुटांवर सावित्रीचं खोरं, पलीकडे निळसर कोकण. सावित्री याच कड्याखालून पश्चिमेला धावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि सगळं दख्खन ओलांडून पार दुसऱ्या समुद्राला जाते. दोघींच्या वाटा कायमच्या वेगळ्या करायला हा एक डोंगर पुरतो.

कोयनेची तऱ्हा निराळी. ती सह्याद्रीच्या कुशीला धरून सरळ दक्षिणेला जाते, कोकण अगदी हाकेच्या अंतरावर असतं, तरी उतरत नाही. हेळवाकला ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला भेटते. हे वळण लक्षात ठेवा. तीनशे वर्षांनी त्याच्याशी गाठ पडायची आहे.

मे १८८०

आता तुमच्या डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि पायाशी लाल फडक्यात बांधलेली सरकारी दप्तरं आहेत. तुम्ही मुंबई सरकारच्या कचेरीतले कारकून. उन्हाळा कडक झाला की गव्हर्नरसाहेब डोंगरावर जातात, आणि त्यांच्यामागून कागद जातात. कागदांबरोबर तुम्ही.

आगबोटीने मुंबई सोडली तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, बंदर मागे पडलं की वारा लागेल. लागली ती मळमळ. बाणकोटला आगबोट खाडीत शिरते तेव्हा कुठे पोटाला आराम पडतो. दोन्ही काठांवर माड, भाताची मोकळी खाचरं, मधूनच एखादं गलबत. हीच सावित्री. भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन तुम्ही दासगावच्या बंदराला लागता. पलीकडे सवला गरम पाण्याचे झरे आहेत, संधिवाताची माणसं तिथे जाऊन बसतात, असं एक खलाशी सांगतो. तुमच्या कमरेलाही त्याची गरज आहे, पण दप्तरं थांबत नाहीत.

पुढे बैलगाडी. महाड, मग पोलादपूर. दिवसा ऊन असं, की बैलही सावली बघून थबकतात. म्हणून गाडीवान रात्रीची वाट धरतो. पोलादपूर सुटलं की चढ लागतो. पूर्वी इथून वर जायला रडतोंडीच्या घाटाची पायवाट होती; तिच्या नावातच तिचं सगळं वर्णन आलं. आता फिट्झजेरल्डसाहेबाच्या नावाचा गाडीरस्ता आहे, १८७६ मध्ये पुरा झालेला. वळणावर वळण, प्रतापगड एकदा समोर, एकदा मागे. मग कुठल्याशा वळणावर अंगावरचा घाम अचानक गार पडतो. तुम्ही कोट मिटून घेता आणि गाडीवान हसतो. मुंबईहून निघालेला प्रत्येकजण याच सुमाराला कोट मिटतो, हे त्याला पाठ आहे. ज्या नदीच्या मुखातून तुम्ही शिरलात, तिच्या उगमाशी आता पोचला आहात.

वरचं गाव म्हणजे मालकमपेठ. त्याची कथा तुम्ही दप्तरदार माणूस असल्याने तुम्हाला तोंडपाठ आहे. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेतला लॉडविक नावाचा अधिकारी या पठारावर चढला आणि इथल्या हवेची वाखाणणी करत परतला. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी महाराजांकडून रस्ता करवून घेतला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन मालकम आले आणि त्यांना आजारी गोऱ्या शिपायांसाठी जागा हवी होती. पुढच्या वर्षी छत्रपती प्रतापसिंहांनी हा डोंगर कंपनीला दिला, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. कागदावर अदलाबदल चोख आहे. कागद सांभाळणाऱ्या माणसाला मात्र हेही दिसतं, की दहा वर्षांनी त्याच कंपनीने त्याच प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं.

सकाळी कचेरी, संध्याकाळी मोकळीक. साहेब लोक घोड्यावरून नाहीतर गाडीतून कड्यांच्या टोकांवर सूर्यास्त बघायला जातात. प्रत्येक टोक म्हणजे ‘पॉइंट’, आणि प्रत्येक पॉइंटाला कुणाचं तरी नाव. मढी महालचा आर्थर सीट झाला आहे, नाके खिंडीचा केट्स पॉइंट. सर्वांत उंच सिंदोळा अजून सिंदोळाच आहे. तो पुढच्या शतकात विल्सन पॉइंट होईल. तीर्थाला येणारा माणूस पाण्याकडे खाली वाकत होता. हा नवा पाहुणा कड्यावर उभा राहून दूर बघतो. त्याला पाणी नको आहे, हवा हवी आहे.

तरी पाण्यावाचून हवेचाही संसार चालत नाही. वेण्णेच्या काठाने चाला. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांध घालून तिचं तळं केलं, सुमारे २८ एकरांचं, गावाला पाणी पुरावं म्हणून. पाहुण्यांच्या ताटातल्या बटाट्याचा आणि विलायती भाजीचा इतिहास तर आणखी दूरचा आहे. इथल्या तुरुंगात सामुद्रधुनीच्या वसाहतींतून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी ओढ्यांच्या काठी वाफे काढले, पाटाने पाणी फिरवलं, आणि या मातीत काय पिकतं ते इतरांना दाखवून दिलं. तुरुंग १८६४ मध्ये मोडला, वाफे राहिले.

बाजारात मधाचं मडकं घेताना विकणाऱ्याशी दोन शब्द बोला. तो धावड आहे. त्याचे वाडवडील या डोंगरातला दगड वितळवून लोखंड काढायचे. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला लाकूड, आणि लाकडावर आता जंगल खात्याचा पहारा आहे. भट्ट्या विझल्या. गोऱ्या पाहुण्याला रान हिरवं दिसायला हवं, हे धावडालाही कळतं. त्याला एवढंच विचारायचं आहे, की मग त्याने काय करावं. तुम्ही सरकारी माणूस. तुमच्याकडे उत्तर नाही, म्हणून तुम्ही मधाचे पैसे थोडे जास्त देता.

रविवारी तुम्ही एकटेच क्षेत्राला जाता. कुंड तेच, पाणीही तसंच झोंबरं. काठावर बसलेले कोळी स्वतःला गंगापुत्र म्हणवतात आणि स्नान करणाऱ्याकडून वंशपरंपरेने दक्षिणा घेतात. सहा किलोमीटर पलीकडे गव्हर्नरचा बंगला आहे, याचं त्यांना काही सोयरसुतक नाही. जूनच्या मध्याला बंगल्यांच्या भिंतींना पावसासाठी गवताच्या तट्ट्या बांधल्या जातील, गव्हर्नर पुण्याला उतरेल, आणि २५० इंच पाऊस झेलायला डोंगरावर राहतील ते हे गंगापुत्र, धावड, कुणबी आणि धनगर.

उन्हाळा १९६१

कोयनेच्या खोऱ्यात उतरा. आता तुमच्याकडे दप्तरं नाहीत. तुमच्याविषयीची दप्तरं दुसऱ्या कुणाकडे आहेत. नदीकाठची भातखाचरं, गावामागे नाचणीचा डोंगर, देवराईत ग्रामदैवत. हेळवाकजवळ देशमुखवाडीला १९५४ पासून धरणाचं काम चाललं आहे, ते तुम्ही ऐकून आहात. सुरुंगाचे आवाज इथवर येत नसले तरी तलाठी येतो.

पाणी चढणार हे तुम्हाला मान्य आहे. किती चढणार, यावर मात्र तुमच्या आजीचा विश्वास बसत नाही. तिने नदीला पूर येताना आणि ओसरताना ऐंशी वर्षं पाहिलं आहे. न ओसरणाऱ्या पुराची कल्पना तिला करता येत नाही. तुम्ही घराची कौलं उतरवता, वासे सोडवता, जातं बैलगाडीत चढवता. देव कुठे न्यायचा यावर भावकीत दोन रात्री वाद होतो. काहीजण डोंगरात वर सरकतात. काहींना ठाण्या-कुलाब्याकडे जमीन मिळेल असं सांगितलं आहे. काहींचा मुलगा आधीच मुंबईत गिरणीत आहे, ते तिकडे जातात. जमीन कधी मिळेल, या प्रश्नावर साहेब म्हणतो, ‘लवकरच.’

आता डोंगराच्या पोटात या. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, ८०० मीटरहून लांब. पण खरी करामत भिंतीत नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या आतून बोगद्याने पश्चिमेला नेलं आहे. पोफळीला डोंगरात कोरलेल्या वीजघरात ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं, चाकं फिरवतं आणि चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळतं. कोकणात कधीही न उतरलेली नदी माणसाने कोकणात उतरवली. १९६२ मध्ये पोफळीची पहिली वीज तारांतून धावली. मुंबईच्या ज्या गिरणीत तुमचा चुलतभाऊ साच्यावर उभा आहे, तिचा साचा या विजेवर फिरला तर नवल नाही.

हे वळवलेलं पाणी पुढे राज्याराज्यांतल्या भांडणात मोजलं गेलं. कृष्णेच्या पाण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने कोयनेवरून वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला नेण्याची मर्यादा घातली. ज्या कुंडावर पाणी पंचांगाने मोजत होते, तिथून निघणाऱ्या नदीचा हिशेब आता दशांश चिन्हासकट मांडला जातो.

आणि ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून गेले आहेत. धरणाजवळच्या कोयनानगरमध्ये तुम्ही गाढ झोपेत असताना जमीन हलते. भिंती खचतात, अंधारात धूळ, आणि मग सगळीकडून हाका. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण टिकलं. जलाशयाच्या भाराने भूकंप होतो का, या प्रश्नावर जगभरचे भूशास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेचं नाव घेतात.

आज

तापोळ्याच्या धक्क्यावर तुम्ही लाइफ जॅकेट चढवून उभे आहात. महाबळेश्वरहून गाडीने तासभर खाली आलात, कारण कुणीतरी याला ‘मिनी काश्मीर’ म्हटलं आहे. इथे सोळशी कोयनेला मिळते, पण संगम दिसत नाही. दिसतो तो शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय, दोन्ही खोऱ्यांत हात पसरून बसलेला. बोटवाला इंजिन सुरू करतो. त्याच्या आजोबांची खाचरं कुठे होती, हे विचारलंत तर तो बोट पाण्याकडे दाखवेल, डोंगराकडे नाही.

काठावरचं रान १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्पात गेलं. धरणाच्या वेळी वर सरकलेल्या काही गावांना तेव्हा पुन्हा हलावं लागलं. एकदा विजेसाठी, एकदा वाघासाठी. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण त्यांची किंमत दोन्ही वेळा त्याच घरांनी भरावी, याला न्याय म्हणत नाहीत.

महाबळेश्वरला जा, जरूर जा. पॉइंट बघा, स्ट्रॉबेरी खा. फक्त सकाळी आधी क्षेत्राला जा आणि दुपारी तापोळ्याला उतरा, म्हणजे एकाच दिवसात उगमही दिसेल आणि जलाशयही. या डोंगरावर राजा तीर्थासाठी आला, साहेब हवेसाठी आला, सरकार विजेसाठी आलं आणि आपण सुट्टीसाठी येतो. येणाऱ्या प्रत्येकाला जे हवं होतं ते मिळालं. कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी अनेक कुटुंबं मात्र साठ वर्षांनंतरही जमिनीच्या कागदासाठी मोर्चे काढत आहेत. तो ‘लवकरच’ अजून उजाडलेला नाही.