आधी टाकीत पाणी किती ते पाहा

बीड जिल्ह्यात घातक रसायने कुठे असणार, असे पुष्कळांना वाटते. पण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात फॉर्मॅलिन लागते. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये साखरेचे प्रमाण काढण्यापूर्वी उसाचा रस निवळायला शिशाचे क्षार वापरण्याची जुनी पद्धत आहे. आणि बी.एस्सी.च्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत तीव्र सल्फ्युरिक आम्लाची बाटली असतेच. कोणते रसायन कुठे ठेवायचे, ते कोणी हाताळायचे, सांडले तर पहिल्या मिनिटात काय करायचे, हे अपघाताआधी लिहून ठेवणे हा रसायन-सुरक्षा या अभ्यासक्षेत्राचा गाभा. तुम्ही विद्यार्थी असा, शिक्षक असा वा परिचर, या क्षेत्रात तुमचे स्वागत आहे.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये आपल्या कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा बंधनकारक झाला. अमेरिकेने 1990 मध्ये प्रयोगशाळांसाठी लेखी आराखड्याचा स्वतंत्र नियम केला. त्यावरून घेतलेले नमुने आज सहज मिळतात आणि तसेच्या तसे उतरवलेही जातात. माझा आक्षेप या उतरवण्याला आहे.

अंगावर आम्ल उडाले तर 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहावे, असे नमुन्यात लिहिलेले असते. आपत्कालीन शॉवरला मिनिटाला सुमारे 75 लिटर पाणी लागते, म्हणजे एका माणसासाठी 1100 लिटरांहून अधिक. 2013 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अशा जिल्ह्यात मार्च ते जून या काळात गच्चीवरच्या टाकीत तेवढे पाणी असेल, हे गृहीत कसे धरायचे? म्हणून इथल्या आराखड्यात राखीव टाकी, ती भरण्याची जबाबदारी आणि रोजच्या नोंदीची वही आधी यायला हवी. पाणी नसेल त्या दिवशी आम्लाचे प्रात्यक्षिक नाही, हेही त्यात स्पष्ट लिहावे. वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो. तेव्हा चालू प्रयोग कोणी, कसा थांबवायचा, हेही.

आणि हे सारे मराठीत लिहा. बाटल्या धुणारा, सांडलेले पुसणारा परिचरच धोक्याच्या सर्वांत जवळ असतो. पुढची पाने त्याला शेजारी बसवून वाचा, आणि आराखड्याचा पहिला मसुदा त्याला विचारूनच लिहा.